सुट्टीनं छाती भरते

नाही, तुमच्या फोटोले मी हार घालत नाही. कोनी इचारलं नाही, तरी सांगून ठेवते. फोटो मागच्या खोलीत हाय, गव्हाच्या कोठीच्या वर. तोंड भिंतीकडं केलेलं नाही, सरळच टांगला हाय, येवढं पाप मी करत नाही. पन त्याची धूळ पुसनं माझ्याच्यानं होत नाही. नातसून म्हने, आजी, पुढच्या खोलीत लावू का, किती रुबाब हाय, फेटा काय, मिशा काय. म्या म्हतलं, राहू दे तिथंच, उंदराइवर नजर ठेवतीन. ती हासली. मी नाही हासली.

बाबा, तुमाले जाऊन लय वर्सं झाली. आता गुडघ्यानं मले बसवलं, काम कोनी करू देत नाही, म्हनून लिहून राह्यली. टपालात टाकाचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही तुमी सोडवली, तवा अक्षर वाकडं असन तं तुमचंच हाय. सुखाचं इचारनार नाही अन् आशीर्वाद मांगनार नाही. मले तुमच्याकडून मायसाठी जिनगीभर एकच वाक्य पाहिजे होतं. 'हिची छाती जीननं खाल्ली, हिच्या माहेरानं नाही.' तेही घरात चुलीपुढं नाही, चारचौघात. येवढ्यासाठी मी तुमच्या मागं लागली, तुमाले माहीत होतं मी कशासाठी मागं लागली, अन् तुमी दर खेपेले बिडी पेटवली.

पहिल्यापासून सांगते, नाही तं तुमी म्हनसान पोट्टी उलटंसुलटं सांगते. ज्या साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबईले जोडला, त्याच्या आगंमागं तुमी कापसाच्या जीनचे जमादार झाले, मजुराइवरचे मुकादम. बोरी अरबच्या बाजारात निघाले का लोकं 'रामराम जमादार' म्हनत अन् तुमी मान हालवत, बोलत नसा. दिवाळी झाली का कापसाच्या गाड्या जीनच्या फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत लागत. आत टिनाखाली मशीनी, अन् मशीनीच्या तोंडाशी बायकाइची रांग. ओंजळीनं कापूस लोटाचा, सरकी खाली पडे, रुई पुढून निघे. अन् हवा अशी का हात फिरवला तं हाताले लव लागे. बायका सकाळी आत जात तवा काळ्याभोर केसाच्या, बाहेर येत तवा म्हाताऱ्या. भुवया पांढऱ्या, पापन्या पांढऱ्या. तोंडाले पदर बांधला का तुमी म्हना, घुंगट घेऊन नवरी झाली काय, हात चालू दे.

माय त्या रांगेत पहिली. जमादाराची बायको म्हनून पहिली. तिच्या बाजूले मागच्या गल्लीतली काकी, जिचा आवाज मशीनीच्या वर ऐकू ये. मी तवा नुकतीच लुगडं नेसाले लागलती अन् बाहेर अंगनात सरकीच्या टोपल्या उचलाच्या कामावर होती, म्हनून आज जित्ती हाय. उघड्यावर होती म्हनून.

सायंकाळी भोंगा झाला का तुमी फाटकाशी परात घेऊन उभे. परातीत गुळाचे खडे. एकेकीच्या हातावर एकेक खडा, अन् दर खेपेले तेच बोलनं, "खा, गळ्यातली रुई खाली उतरते. छाती साफ होते." सगळ्या खात. त्याच्यात तुमचं एकट्याचं खोटं नव्हतं, सगळे जीनवाले तेच करत, सगळ्या बायका तेच मानत. गूळ खाल्ला का गळ्याले बरं वाटे, हे खरं. मीही मानत होती.

मंग बंजाऱ्याइच्या तांड्यात बकरं कापलं. माझी एक मैत्रीन तांड्यातली होती, तिची याडी, म्हंजे माय, मले पोरीसारखीच वागवे. नवसाचं बकरं होतं. पुरुषाइनं कापलं, अन् पोटातलं सगळं धुवाले याडीकडं आलं. तिनं फोफसं आमच्या हातात देल्लं, नळीसकट, अन् म्हने फुंक. म्या नळीले तोंड लावून फुंकलं. बाबा, ते दोन गुलाबी पिशव्यासारखं, हातात पावसारखं मऊ, असं फुगलं का मले वाटलं बकरं आता उठते. तोंड सोडलं का सूं करून बसलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा उठलं. मंग म्या नळी पाह्यली. पुढची नळी कडक, बांगड्यावर बांगड्या रचल्यासारखी, दाबली तरी बंद होत नाही. अन् तिच्या मागं दुसरी नळी, मऊ, ओल्या फडक्यासारखी दबलेली. वर जिभेच्या मुळाशी एक लहानशी झापड. याडी म्हने, घास खाली चालला का ही झापड पुढच्या नळीवर बसते, नाही बसली तं ठसका लागते. म्या तांब्या घेतला अन् मागच्या नळीत पानी ओतलं. ते खाली कोठ्याकडं गेलं. फोफशाले एक थेंब लागला नाही. मी हातपाय न धुता तशीच बसून राह्यली. माझ्या डोक्यात तुमची परात येऊन राह्यलती.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी म्या सगळ्याइच्या समोर म्हतलं, "बाबा, गूळ छातीत जातच नाही. नळ्या दोन हायत. गूळ पोटात जाते, रुई फोफशात जाते. त्याइची गाठच पडत नाही."

काकी म्हने, "असं का वं पोरी? मंग माह्या येवढ्या वर्साचा गूळ गेला कुठं?" अन् स्वतःच्या कमरेकडं पाहून म्हने, "हां, सापडला!"

सगळ्या बायका हासल्या, माय बी हासली, अन् हासता हासता तिले खोकला लागला, तो थांबेच ना. तुमी तिच्याकडं पाह्यलं नाही. परातीतला सगळ्यात मोठा खडा उचलला, माझ्या तोंडात कोंबला अन् म्हने, "चौथी शिकली अन् डाक्टरीन झाली. चावत बस, तोंड बंद रायते." माझ्या जिनगीत तुमी आपल्या हातानं देल्लेली गोड वस्तू तेवढीच. गालाच्या आतून चामडी सोलली होती त्या खड्यानं.

पन गूळ मी सोडून देते. गुळानं कोनी मेलं नाही. खरी गोष्ट बाजाराची हाय.

जीन बाजाराच्या दिवशी बंद राये. त्या दिवशी माय न्हायची, बाजार करायची, मोकळा श्वास घ्यायची. अन् बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेली का दुपारपासून तिची छाती आवळे. म्हने, "कोनी आतून लुगड्याची गाठ मारली असं वाटते." कोरडा खोकला, अंगात कनकन, वर चढाची पायरी दिसली का थांबे. त्याच्या दुसऱ्या दिवशी थोडं कमी. मंग आनखी कमी. आठवडा सराले आला का बरी. मंग बाजार. मंग पुन्हा गाठ. अन् तिची एकटीचीच नाही, रांगेतल्या अर्ध्या बायकाइची तीच गत. कोनी म्हने बाजारातली नजर लागते. कोनी म्हने भजी बाधते. काकीनं भजी सोडली, मंग जिलबी सोडली, मंग एक दिवस कंबरेवर हात ठेवून म्हने, "आता बाजारच सोडून देते. मंग जगू कायले, हे बी सांगा."

तुमी या सगळ्याइपेक्षा हुशार निघाले. तुमी पाह्यलं का कामावर असली का बरी होत जाते, अन् सुट्टी झाली का बिघडते. मंग रोग कशात हाय? सुट्टीत हाय. ओट्यावर बसून तुमी हे समद्याइले सांगतलं, अन् समद्याइले पटलं, कारन दिसत तसंच होतं. "सुट्टीनं छाती भरते," असं तुमचं वाक्य होतं. सगळ्या जीनभर झालं. पोट्टे सुद्धा म्हनाले लागले. अन् तुमी मायची सुट्टी बंद केली. बाजाराच्या दिवशी मशीनी थंड, आत कोनी नाही, अन् माय एकटी खराटा घेऊन टिनाखाली, साऱ्या आठवड्याची रुई झाडून राह्यली. मी पानी घेऊन गेलती एकदा. दारातून ती दिसे ना. नुसता पांढरा ढग, अन् त्याच्यात खराट्याचा आवाज अन् खोकला.

अन् खरंच, तिची ती गाठ गेली. बाजारच नाही, तं बाजाराचा दुसरा दिवस येईन कुठून? तुमी तिले सगळ्याइच्या समोर उभी केली. "पाहा, महिना झाला, एकदाही छाती भरली नाही." मंग बाकीच्या बायका आपल्या पायानं आल्या. बाजार सोडून, पोरं सोडून, औषध म्हनून खराटा मारायले. शेठ खूश, फुकटात जीन झाडून मिळे. बाबा, मी जगात लय मूर्खपना पाह्यला, पन आजारी मानसानं आजाराच्या तोंडात जाऊन बसावं अन् त्याले औषध म्हनावं, असं फक्त आपल्याच जीनमदी पाह्यलं.

पावसाळ्यात जीन बंद झालं. माय तीन महिने निंदनाले गेली, वावरातल्या हवेत राह्यली, पुन्हा बोलाले लागली, काकीसंग भांडाले लागली. दिवाळीनंतर जीन उघडलं त्या पहिल्याच दिवशी भोंग्याच्या आत तिले हुडहुडी भरली. ओठ जांभळे. बसून पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर ओढून श्वास घेऊन राह्यलती, मानेच्या शिरा दोरीसारख्या. तुमी म्हने, पहिल्या दिवशी होते असं, सुट्टी लय झाली. तवा काकीनं मशीन सोडली. साऱ्या रांगेच्या समोर तुमाले म्हने, "जमादार, ही मेली तं रांगेत पहिली कोनाले उभी करसान? तुमी राह्यसान का लुगडं नेसून?" हासलं कोनीच नाही. तुमाले लाज वाटली म्हनून आपन यवतमाळले गेलो. मायसाठी गेलो नाही, हे मी तवाच ओळखलं.

एसटीत तिले खिडकी देल्ली. मोठ्या दवाखान्यात डाक्टर लहानच होता, मिशा बी नीट आल्या नव्हत्या. पन त्यानं तिच्या पाठीले कान लावला, नळी लावली, नखं पाह्यली, थुंकी तपासाले पाठवली, छातीचा फोटो काढाले लावला. फोटोत डाग निघाला नाही. म्हने, क्षय नाही. तुमी लगेच उठाले लागले. त्यानं हातानं बसवलं. कागदाच्या मागं त्यानं मायले चित्र काढून दाखवलं. उलटं झाड. खोड वर, गळ्यात. त्याच्या दोन फांद्या, एक या फुप्फुसात, एक त्या. त्याले बारीक फांद्या, आनखी बारीक, केसाहून बारीक, अन् टोकाले अंगुरासारखे फुगे. त्या फुग्यापाशी हवा अन् रक्त एकमेकाइच्या जवळ येतात, रक्त चांगली हवा घेते, खराब देऊन टाकते. "खाली एक पडदा असतो, बाई, तो खाली सरकला की श्वास आत येतो," तो म्हने, "तुमचा पडदा चांगलं काम करतोय. या बारीक नळ्या आवळल्या गेल्यात. कशामुळे, ते मला शोधायचंय."

माय त्या चित्राकडं अशी पाहे का जसं तिच्या अंगात कोनी झाड लावलं हे तिले पहिल्यांदाच कळलं.

मंग त्यानं तिलेच इचारलं, तुमाले नाही. "बाई, आठवड्यात त्रास कोणत्या दिवशी जास्त होतो? सुट्टी घेऊन पुन्हा कामावर गेलात की होतो का?"

 त्या पोराले कसं कळलं होतं? त्यानं आपलं जीन पाह्यलं नाही, आपला बाजार पाह्यला नाही.  मायनं मान वर केली. तिच्या डोळ्यात मले दिसलं का ती सांगनार. पन बोलाच्या आधी तिले श्वास घ्यावा लागे. ती श्वास घेऊन राह्यलती, तोंड उघडं होतं, अन् त्या तेवढ्या फटीत तुमी घुसले.

"सगळे दिवस सारखेच, साहेब," तुमी म्हने. "तिच्या माहेराकडूनच हाय दमा. तिच्या आजीले होता."

तिच्या आजीले दमा नव्हता. तिची आजी नव्वदीत आंब्याच्या झाडाखाली बसून गेली.

मी म्हतलं, "खोटं हाय. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जास्त होते. सगळ्याइलेच होते." डाक्टरनं माझ्याकडं पाह्यलं. तुमी हासले. कसे हासले, जसं घरच्या पोरीची गंमत सांगावी. "साहेब, हिले बाजाराले जाऊ देत नाही, म्हनून रागात हाय. हिचा सगळा दवाखाना बाजारातच." डाक्टर बी हासला. बाहेर लायनीत लय लोकं होते. त्यानं दमा लिहिला, गोळ्या लिहिल्या, अन् "धुळीत जाऊ नका" म्हने. तुमी "हो साहेब" म्हने. मायनं तोवर घेतलेला श्वास तसाच सोडून देल्ला, शब्दाविना.

येताना एसटीत गाव जवळ आल्यावर तिले बोलता आलं. म्हने, "मी सांगनारच होती."

"काय?" तुमी म्हने.

"काही नाही," म्हने ती.

घरी आल्यावर म्या तुमाले आडवं घेतलं. तुमीच तं साऱ्या जीनले सांगता का सुट्टीनं छाती भरते, मंग डाक्टरपुढं काहून फिरले? तुमी बिडी पेटवली अन् पहिल्यांदा खरं बोलले. "जमादाराचीच बायको छातीच्या नावानं घरी बसली तं उद्या रांग रिकामी होईन. शेठ मले ठेवन का?" म्हंजे तुमाले समजत होतं. तुमी मूर्ख नव्हते. मूर्ख असते तं मी तुमाले कवाच माफ केलं असतं, मूर्खाले माफ करता येते. तुमाले माहीत होतं का धुळीचं हाय, म्हनूनच तं ते डाक्टरले कळू देल्लं नाही. तिसऱ्या दिवशी माय पुन्हा रांगेत पहिली.

अन् पुढं दोन हंगामानं तुमचं बोलनं खरं झालं. सगळे दिवस सारखेच झाले. बाजार असो का नसो, जीन चालू असो का बंद, पावसाळा असो का उन्हाळा. घागर उचलाची तं दूर, चुलीपुढं फुंकनी धरली तं दुसऱ्या फुंकीले डोळ्यापुढं अंधारी ये. फुंकनी मले दे अन् भिंतीले टेकून बसे. वाक्य अर्ध्यातून तोडून बोले. "पोरी, मीठ." म्हंजे मीठ जास्त झालं का कमी, ते आपन समजाचं. शेवटी रांगेतून तुमीच तिले काढलं, कामाची राह्यली नाही म्हनून. त्या उन्हाळ्यात भर दुपारी गेली. बसलेलीच गेली. तिचा फोटो म्हनून माझ्याजवळ तो यवतमाळचा छातीचा फोटो हाय, काळा, बरगड्यासकट. चेहरा नाही. डागही नाही. तुमचा मातर फेट्यातला हाय.

भेटाले आलेल्या लोकाइले तुमी काय म्हनत होते, ते मी दाराच्या आडून ऐकलं. "कामावर होती तोवर चांगली होती. घरी बसली अन् गेली." अन् मंग, "काय करता, रक्तातच घेऊन आलती." लोकं माना हालवत. मामा कोपऱ्यात बसलता, तिचा भाऊ, धडधाकट, कवा खोकला नाही. तो उठून चालला गेला अन् पुन्हा आपल्या घरी आला नाही. पुसदकडचं माझं जमत आलेलं लगीन तिथंच मोडलं. पोरीची माय दम्याची, त्याइनं निरोप धाडला, रक्तात असन. तवाही म्या तुमाले म्हतलं, एक वाक्य बोला. जीनच्या धुळीनं गेली, येवढंच. तुमी म्हने, "गेलेल्या मानसाचं काय उकरून काढतं." मंग तुमी मले बिजवराले देल्लं, त्यानं रक्ताचं काही इचारलं नाही, कारन त्याले पोराइसाठी कोनीतरी पाहिजे होती. मानूस चांगला निघाला, ती तुमची कमाई नाही.

म्हातारपनी जीन बंद पडलं, शेठ गेला, अन् तुमाले दुसरं कोनी नव्हतं म्हनून माझ्याच ओट्यावर बाज टाकली. बिडी अन् येवढ्या वर्साची ती हवा, दोन्हीनं तुमचेही फुगे सैल पडले. आत गेलेली हवा बाहेर निघे ना. माझी मोठी पोरगी नर्स झाली होती, तिनं तुमाले तपासून मले सांगतलं, अन् मायचं सगळं ऐकल्यावर म्हने, आई, कापसाच्या धुळीचा असा आजारच असते, पुस्तकात हाय, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते हीच त्याची निशानी. काम चालू राह्यलं का तेवढ्यापुरतं दबते, आतून खानं चालूच रायते. लवकर ओळखलं अन् धुळीतून काढलं तं मानूस वाचते. इंग्रजीत त्याचं नाव हाय, मले म्हनता येत नाही, अन् म्हनाची गरज नाही. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

अन् तुमी? ओट्यावर बसून, दम खात खात, येनाऱ्या-जानाऱ्याले गंमत म्हनून सांगत होते, "काय करता, सासरवाडीचा दमा जावयाले लागला!" लोकं हासत. अरे बाबा, बायकोच्या माहेरचं रक्त नवऱ्याच्या अंगात कोन्या रस्त्यानं जाईन? येवढंही कोनी इचारलं नाही. मी आत पोळ्या लाटून राह्यलती. लाटनं माझ्या हातात होतं. त्याच दिवशी म्या ठरवलं, लोकाइले तुमच्याबद्दल नुसतं गोड बोलून तुमाले निरोप देऊ देनार नाही.

म्हनून तेरवीले केलं. गाव जमलं होतं, पंगत बसलती, गावातले जुने पुढारी उभे राहून बोलाले लागले. जमादार कसा करारी, येवढं जीन कसं एका हातानं चालवलं, बायकोनं दमा आनला पन मानसानं कधी तक्रार केली नाही. मी वरन वाढत होती. पळी हातातच होती. म्हतलं, थांबा. अन् सांगतलं सगळं. गूळ, खराटा, यवतमाळचा डाक्टर, त्यानं काय इचारलं अन् तुमी काय म्हने. आवाज चढवला नाही. रडली नाही. माझा नवरा मागून म्हने, "अवं, आज तं राहू दे." म्या म्हतलं, आजच. उद्या कोन जमते?

 मंग बायकाइच्या पंगतीत काकी होती, पार वाळून गेलती तोवर, कंबर नावाले राह्यली नव्हती. बसल्या जागेवरून म्हने, "मलेबी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच होत होतं." एक दम घेतला. "मीबी खराटा मारला. जमादारानं सांगतलं म्हनून." तिच्या बाजूची म्हने, मीबी. तिच्या पलीकडची म्हने, माही सासू. पुढारी खाली बसले. दोन-चार जन पानावरून उठले, तुमच्या तेरवीचं अन्न टाकून उठले. त्या दिवसापासून गावात मायच्या माहेराचं नाव कोनी घेत नाही, अन् तुमाले कोनी जमादार म्हनत नाही. 'तो खराट्यावाला' म्हनतात. मले त्याचं वाईट वाटत नाही. नातवंडाइच्या कानावर गेलं तरी वाटत नाही. मामाच्या पोराले म्या स्वतः जाऊन सांगतलं. आता येतात ते.

बस, येवढंच सांगाचं होतं. एक राह्यलं.

जायच्या आधी चार दिवस, सकाळी, घरचे वावरात गेलते. तुमाले बाजेवर टेकून बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. मी मागं बसली अन् माझी पाठ तुमच्या पाठीले लावली. तसं बसलं का श्वास सोपा जाते, म्हनून. तुमचा श्वास माझ्या पाठीत लागून राह्यलता. एकेक शब्दाले तुमाले थांबावं लागे. अन् तवा तुमी ते बोलले. हो, बोलले. जीननं खाल्ली तिले, म्हने. म्या बी खाल्ली. दोघीच जागी होतो तिथं, मी अन् कोंबडी.

 तेरवीले म्या हे सांगतलं नाही, अन् सांगाचं राहून गेलं असंही नाही. ते चारचौघात बोलाचं होतं. मंग मी पाठ काढली का तशीच लावून बसली, अन् किती येळ, ते इचारू नका. मी सांगनार नाही.